मुलाखतीनंतरचं आभाराचं पत्र: पाठवायचं का, कुणाला, आणि त्यात लिहायचं काय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी तुमची दुसरी फेरी परवा व्हिडिओ कॉलवर झाली. समोर तिघं होते: टीमच्या प्रमुख, एक सीनियर अ‍ॅनालिस्ट आणि एचआरच्या मॅडम. एकंदरीत मुलाखत बरी झाली, पण एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या) एका प्रश्नाचं उत्तर चुकलं आणि ते कॉल संपल्यावर तुमच्या लक्षात आलं. मैत्रीण म्हणते आभाराचं पत्र पाठव. मोठा भाऊ म्हणतो ही लाचारी आहे, त्याने आपण अडलेले दिसतो. ईमेल पत्ता फक्त एचआरचा आहे. दोन दिवस उलटून गेलेत, तर आता पाठवण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं भरतीचं काम करते, पॅनेलवर बसते, आणि अशी पत्रं माझ्याच इनबॉक्समध्ये येतात. त्यामुळे आधी उत्तर देऊन टाकते. पाठवा, आजच पाठवा, आणि चुकलेल्या उत्तराबद्दलही त्यात लिहा. आता कारणं सांगते, कारण ती कळली की काय लिहायचं आणि काय नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक म्हणजे शिष्टाचार: कुणी आपल्यासाठी तासभर दिला, तर त्याचे आभार मानावेत का? यात वादाला जागाच नाही, मानावेत. दुसरी गोष्ट तुम्हाला खरी सतावते आहे: उत्तर चुकलं, ते दुरुस्त करायची संधी अजून आहे का, आणि ती घेताना आपण गयावया करतोय असं तर दिसणार नाही ना? आभाराचं पत्र ही त्या दुसऱ्या गोष्टीसाठी योग्य जागा आहे, पण ते कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे.

कॉल संपल्यावर आमच्या बाजूला काय होतं ते सांगते. बहुतेक कंपन्यांत प्रत्येक मुलाखतकाराला एक फॉर्म भरायचा असतो. तांत्रिक ज्ञान, विचार करण्याची पद्धत, बोलणं, टीमशी जुळणं, अशा रकान्यांत गुण आणि शेवटी ‘घ्यावं’ किंवा ‘घेऊ नये’. काही जण तो त्याच दिवशी भरतात, काही जण एचआरने दोनदा आठवण केल्यावर. मग एखाद्या दिवशी सगळे एकत्र बसतात आणि उमेदवारांवर चर्चा होते. तुमचं पत्र येतं ते या मधल्या काळात. एखाद्याने स्पष्ट ‘घेऊ नये’ लिहिलं असेल तर कितीही सुंदर पत्राने ते बदलत नाही, आणि ज्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे त्याने पत्र पाठवलं नाही म्हणून त्याची निवड रद्द होत नाही. फरक पडतो तो मधल्या उमेदवारांच्या बाबतीत. दोघं जवळपास सारखे असतात, एखाद्या मुद्द्यावर पॅनेलला शंका असते, आणि त्या शंकेला उत्तर देणारं काहीतरी हातात असलं तर ते चर्चेत येतं. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुम्ही याच मधल्या गटात असण्याची बरीच शक्यता आहे.

इथे एक अपवाद नीट लक्षात घ्या. जिथे भरती ठरलेल्या गुणांवर, लेखी नियमांनुसार आणि गुणवत्ता यादीने होते, म्हणजे सरकारी किंवा तशा प्रकारच्या जागा, तिथे पॅनेलमधल्या कुणाशीही मुलाखतीनंतर संपर्क साधू नका. अशा जाहिरातींत पुष्कळदा स्पष्ट लिहिलेलं असतं की निवडीसाठी कोणत्याही प्रकारे वशिला किंवा दबाव आणण्याचा प्रयत्न झाल्यास उमेदवारी रद्द होईल. तुमचं पत्र कितीही निर्मळ असलं तरी ते त्या वाक्याच्या कचाट्यात सापडू शकतं. तुमची जागा खासगी कंपनीतली आहे, त्यामुळे ही अडचण नाही. पण हे उत्तर इतरही कुणी वाचेल म्हणून सांगून ठेवते.

आता भावाचं म्हणणं. ते अगदीच चूक नाही. लाचारी वाटावी अशी पत्रं खरोखर येतात. ‘ही नोकरी माझं स्वप्न आहे’, ‘फक्त एक संधी द्या, मी निराश करणार नाही’, ‘घरची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे’. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते आणि वाचताना मला वाईटही वाटतं. पण अशा पत्राचं मी करू काय? त्यातलं काहीही मला चर्चेत मांडता येत नाही. घरच्या अडचणी पाहून निवड केली तर ज्याने त्या सांगितल्या नाहीत त्याच्यावर अन्याय होईल. म्हणजे पत्र वाचणाऱ्याकडे काहीतरी मागतं आणि त्याला अवघडून टाकतं. लाचारी दिसते ती या मागण्यात. आभार मानल्याने कुणी लहान होत नाही.

आणि पत्र मिळाल्यावर समोरच्याला विचित्र वाटेल ही भीती आपल्याला असते त्याहून प्रत्यक्षात बरीच कमी खरी असते. २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी लोकांकडून आभाराची पत्रं लिहून घेतली आणि ज्यांना ती मिळाली त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांनी धरलं होतं त्यापेक्षा मिळालेल्यांना जास्त आनंद झाला, आणि लिहिणाऱ्यांना वाटलं होतं तेवढं अवघडल्यासारखं झालं नाही. ती पत्रं आयुष्यात ज्यांनी आपल्यासाठी काही केलं अशा माणसांना लिहिलेली होती, नोकरीशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून त्यातून निवडीबद्दल काही निष्कर्ष काढू नका. पण ‘त्यांना काय वाटेल’ या अंदाजात आपण कुठल्या दिशेने चुकतो, ते त्यातून कळतं.

याच्या उलट टोकही आहे. २०१९ साली बिझनेस इनसायडरच्या संपादक जेसिका लीबमन यांनी जाहीरपणे लिहिलं की मुलाखतीनंतर आभाराचा ईमेल न पाठवणाऱ्याला नोकरी देऊ नये, असा त्यांचा नियम आहे. त्यावर बराच वाद झाला. माझं मत टीका करणाऱ्यांच्या बाजूने आहे. असं पत्र पाठवायचं असतं हे ज्याला घरात किंवा कॉलेजात कुणी सांगितलं नाही, तो माणूस कामाला वाईट कसा ठरतो? त्या नियमाने फक्त अलिखित रीत कुणाला माहीत आहे एवढंच तपासलं जातं. माझ्या पॅनेलवर पत्र न आल्याचा मुद्दा कुणी काढला तर मी तो तिथेच थांबवते. त्यामुळे ज्यांनी आजवर कधी पत्र पाठवलं नाही, त्यांनी जुन्या मुलाखती आठवून जिवाला घोर लावून घेऊ नये.

वेळेचं म्हणाल, तर मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवलेलं उत्तम. कॉल संपल्यावर पाच मिनिटांत आलेलं पत्र मात्र आधीच लिहून ठेवलेलं वाटतं, आणि बहुतेकदा ते असतंच. दोन दिवस झाले म्हणून काही बिघडलेलं नाही. उशिराबद्दल माफी मागण्यात पहिली ओळ वाया घालवू नका. आठवडा उलटून गेला असता तर मी म्हटलं असतं की आता आभाराचं वेगळं पत्र नको, निकालाची चौकशी करताना त्यातच आभार माना.

कुणाला पाठवायचं? पत्ता एचआरचा आहे, तर त्यांनाच पाठवा आणि पॅनेलवरच्या दोघांपर्यंत पोचवायची विनंती करा. आम्ही ते पोचवतो, त्यात आम्हाला काही जड जात नाही. ज्या ईमेलवरून मुलाखतीचं निमंत्रण आलं, त्यालाच उत्तर म्हणून पाठवा. त्यामुळे तुम्ही कोण, कुठली जागा, कुठली तारीख, हे सगळं खाली आपोआप येतं आणि मॅडमना शोधाशोध करावी लागत नाही. कंपनीचे पत्ते साधारण कसे असतात यावरून अंदाज बांधून टीमच्या प्रमुखांना थेट ईमेल करू नका. लिंक्डइनवर शोधून मेसेज पाठवणं चालतं असं काही जण सांगतात. मुलाखतकाराने स्वतःहून ‘संपर्कात राहा’ म्हटलं असेल तर चालतं, एरवी निर्णय लागेपर्यंत थांबलेलं बरं. त्या माणसाला तुमच्याबद्दल अजून मत द्यायचं असतं, आणि अशा वेळी आलेली ओळखीची विनंती स्वीकारावी की नाही या पेचात त्याला कशाला टाकायचं?

तिघांचे पत्ते असतील त्यांनी एक लक्षात ठेवावं: ती पत्रं पुढे फिरतात. एकाच उमेदवाराची तीन पत्रं शेजारी शेजारी उघडली आणि नाव सोडून अक्षरन् अक्षर सारखं निघालं, असं मी पाहिलं आहे. त्यातल्या एकात तर आधीच्या कुठल्या तरी कंपनीचं नाव तसंच राहून गेलं होतं. त्या उमेदवाराला आम्ही त्यासाठी नाकारलं नाही, पण ‘बारकाईने काम करतो’ हे त्याच्या अर्जातलं वाक्य त्यानंतर कुणी गांभीर्याने घेतलं नाही. तीन वेगळी पत्रं मनापासून लिहिणं जमत नसेल तर तिघांना मिळून एकच पाठवा.

पत्रात काय लिहायचं हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. ‘आपण अमूल्य वेळ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करण्यास मी उत्सुक आहे’ असं पत्र वाचायला मला चार सेकंद लागतात आणि विसरायला त्याहून कमी. ते कुठल्याही कंपनीला, कुठल्याही दिवशी पाठवता आलं असतं. हल्ली एआयकडून लिहून घेतलेली पत्रं वाढली आहेत, आणि त्यांचीही हीच गत आहे: भाषा निर्दोष, पण त्या मुलाखतीत घडलेलं त्यात काहीच नसतं. मदत घ्यायला माझी हरकत नाही. पण मुलाखतीत काय बोलणं झालं हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, ते तुम्हालाच घालावं लागेल.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की कॉल संपल्यावर लगेच, दुसरं काही करायच्या आधी, कागदावर चार ओळी खरडा. कोण काय विचारत होतं, कशावर त्यांचा आवाज बदलला, कुठली अडचण त्यांनी दोनदा सांगितली. तुम्ही लिहिलं आहे की टीमच्या प्रमुख सोमवारच्या अहवालाबद्दल बराच वेळ बोलत होत्या: तीन वेगवेगळ्या फायली हाताने जुळवाव्या लागतात आणि दर आठवड्याला आकडे कुठेतरी चुकतातच. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या प्रश्नात तेच सोनं आहे. ज्या बाईंना माणूस नेमायचा आहे, त्यांनी त्यांचं दुखणं तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पत्रात त्यालाच हात घाला. तोडगा सुचवायची गरज नाही. बाहेरून, एका तासाच्या बोलण्यावरून दिलेला तोडगा बहुधा चुकतो आणि आगाऊपणाही वाटतो. आपल्याला ते नेमकं कळलं आणि अशा कामाचा आपल्याला थोडा अनुभव आहे, एवढं दिसलं की पुरे.

आता चुकलेलं उत्तर. तुम्ही दिलेला प्रश्न असा होता: एका तक्त्यात ग्राहक, दुसऱ्यात ऑर्डरी. प्रत्येक ग्राहकापुढे त्याच्या गेल्या महिन्यातल्या ऑर्डरींची संख्या दाखवा, ज्याची एकही ऑर्डर नाही त्याच्यापुढे शून्य यायला हवं. तुम्ही लेफ्ट जॉइन लावलात, म्हणजे दुसऱ्या तक्त्यात जुळणारी नोंद नसली तरी पहिल्यातली प्रत्येक नोंद ठेवणारी जोडणी, ते बरोबर. पण तारखेची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणी झाल्यावर ओळी गाळणाऱ्या भागात, घातलीत. ज्या ग्राहकाची ऑर्डरच नाही त्याच्या तारखेच्या रकान्यात नल (रिकामी किंमत) येतं, नलची कुठल्याही तारखेशी केलेली तुलना खरी ठरत नाही, म्हणून तो ग्राहक यादीतून गळून जातो. नाव लेफ्ट जॉइनचं आणि वागणं फक्त जुळणाऱ्या नोंदी ठेवणाऱ्या इनर जॉइनचं, असं होऊन बसतं. ती अट ऑनमध्ये, म्हणजे तक्ते कशावरून जोडायचे ते सांगणाऱ्या भागात, घातली असती तर सगळे ग्राहक टिकले असते. ही चूक अगदी नेहमीची आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारला जातो. सीनियर अ‍ॅनालिस्टने ती नक्की टिपली असणार.

अशा वेळी पत्रात दुरुस्ती करावी, असं माझं ठाम मत आहे. त्याने गुण वाढतीलच असं नाही. घरी बसून, शोधून कुणीही बरोबर उत्तर काढू शकतो हे पॅनेलला कळतं. पण आकड्यांच्या कामात माणूस स्वतःची चूक स्वतः शोधतो का, आणि सापडल्यावर सांगतो का दडपतो, हे एका तासाच्या मुलाखतीत आम्हाला कधीच दिसत नाही. तुमची दुरुस्ती ते दाखवते. एकदा एका उमेदवाराबद्दल पॅनेलवरचा एक जण अडून बसला होता की याने घाईत उत्तर दिलं, तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या उमेदवाराची दोन ओळींची दुरुस्ती आली, सारवासारव न करता. अडून बसलेल्या गृहस्थांनी ती वाचली आणि म्हणाले, निदान नंतर तरी तपासतो. चर्चा पुढे सरकली. निर्णयात इतरही बरंच काही होतं, त्या दोन ओळींनी नोकरी मिळवून दिली असं मी म्हणणार नाही.

दुरुस्तीचे काही धोके आहेत, ते टाळा. ‘मला येत होतं, पण घाबरल्यामुळे...’ असं लिहू नका. ते खरं असलं तरी वाचणाऱ्याला पडताळता येत नाही. पानभर कोड जोडू नका. एकच उत्तर दुरुस्त करा, चार नकोत. आणि जे निव्वळ अडखळणं होतं, म्हणजे एखादा शब्द आठवला नाही किंवा ‘तुमच्यातला दोष सांगा’ या प्रश्नाला मनासारखं उत्तर देता आलं नाही, त्याला हात लावू नका. त्यांच्या लक्षातही नसलेली गोष्ट तुम्ही होऊन कशाला उकरून काढायची? चूक ठोस असेल, तिचं बरोबर उत्तर एकच असेल आणि ती त्या कामाच्या गाभ्याशी असेल, तरच लिहा. तुमच्या बाबतीत तिन्ही लागू आहेत.

तर पत्र साधारण असं होईल. फायलींतल्या नावांबद्दलचं वाक्य मी कल्पनेने घातलं आहे, तिथे तुमच्या कामातलं जे खरं असेल ते लिहा.

‘नमस्कार मॅडम,

परवा तुम्ही तिघांनी मुलाखतीसाठी वेळ दिलात त्याबद्दल आभार. सोमवारचा अहवाल तीन फायलींतून हाताने जुळवावा लागतो हे कळल्यावर या जागेवर पहिल्या काही महिन्यांत काय करायचं आहे, ते मला स्पष्ट झालं. सध्याच्या कामात मीही अशी जुळवणी करते. आमच्याकडे बहुतेक गोंधळ एकाच ग्राहकाचं नाव प्रत्येक फाइलमध्ये वेगळं लिहिल्यामुळे व्हायचा.

ग्राहक आणि ऑर्डरींच्या प्रश्नात माझं उत्तर चुकलं होतं. तारखेची अट व्हेअरमध्ये घातल्याने ऑर्डर नसलेले ग्राहक यादीतून गळले असते. ती अट जॉइनच्या ऑनमध्ये हवी.

हे काम करायला मला आवडेल. आणखी काही माहिती लागली तर जरूर कळवा. हे पत्र पॅनेलवरच्या दोघांपर्यंतही पोचवाल का?’

खाली नाव आणि फोन नंबर, बस. यापेक्षा लांब पत्र नको. बहुतेक लोक ते फोनवर, दोन मीटिंगांच्या मधे वाचतात. दुरुस्तीचा परिच्छेद वर न घेता मधे ठेवला आहे, तो मुद्दाम. पहिल्याच ओळीत चूक आली की सगळं पत्र चुकीबद्दलचं होऊन जातं.

पगार, रजा, घरून काम करण्याची सोय, यातलं काही या पत्रात आणू नका. दुसऱ्या कंपनीकडून ऑफर आली असेल आणि तिला उत्तर द्यायची मुदत खरोखर जवळ आली असेल, तर ते एचआरला वेगळ्या ईमेलमध्ये सरळ कळवा. आम्हाला ते कळलेलं हवंच असतं. आभारांच्या आडून घातलं की त्याला धमकीचा वास येतो. भेटवस्तू, फुलं वगैरे काहीही पाठवू नका. पाठवण्याआधी नावांची स्पेलिंगं निमंत्रणाच्या ईमेलशी ताडून पाहा आणि पत्र स्वतःच्या फोनवर एकदा उघडून वाचा.

पाठवल्यावर उत्तर येईलच असं धरून बसू नका. मी स्वतः अशा पत्रांना ‘मिळालं, धन्यवाद’ एवढंच कळवते, आणि निर्णय तोंडावर असेल तर मुद्दामच त्यापलीकडे काही लिहीत नाही, कारण एखाद्या उबदार वाक्यावरून माणूस आशा बांधतो. पुष्कळ कंपन्यांत तर काहीच न कळवण्याची सूचना असते. तेव्हा उत्तर न येण्यातून कुठलाही अर्थ काढू नका, चांगला किंवा वाईट. निकाल कधी कळेल हे त्यांनी सांगितलं असेल तर ती तारीख उलटल्यावर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या आणि मग एक छोटी चौकशी करा. तारीख सांगितली नसेल तर आठवडाभराने विचारलेलं चालतं. तेव्हा पुन्हा आभार मानायचे नाहीत, पुन्हा सोमवारचा अहवाल आणायचा नाही. ‘निवडीची प्रक्रिया कुठवर आली आहे हे कळू शकेल का’, एवढं एक वाक्य पुरतं.

आणि समजा नकार आला, तर आणखी एक पत्र लिहा. हे फार थोडे लोक करतात आणि मला वाटतं ते पहिल्या पत्राहून जास्त उपयोगी आहे. दोन ओळी: कळवल्याबद्दल आभार, पुढे अशी जागा निघाली तर माझा विचार व्हावा. ‘मला का घेतलं नाही’ हे त्यात विचारू नका. अभिप्राय हवा असेल तर ‘एखादी सुधारण्यासारखी गोष्ट सांगता आली तर मदत होईल’ असं म्हणा, आणि सांगितलं नाही तर सोडून द्या. निवडलेला माणूस ऐन वेळी रुजू होत नाही, किंवा दोन महिन्यांत टीमला आणखी एक जागा मिळते, हे सतत घडतं. तेव्हा आम्ही नव्याने जाहिरात देण्याआधी मागची यादी उघडतो, आणि पहिला फोन जातो तो नकार नीट घेतलेल्या, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला.